तांबडें पाणी आणि त्याचे पहारेकरी



नांदगांव पेठेच्या रहिवाशानें समुद्राविषयीं बोलावें याचें आपणांपैकीं पुष्कळांस हंसूं येईल. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें आमचें गांव; तेथून मुंबईचा किनारा सहाशें किलोमीटरांहून अधिक दूर. भरती आणि ओहोटी हे शब्द आम्ही भूगोलाच्या पुस्तकांत शिकलों आणि परीक्षा संपतांच विसरलों. तरी आजचा विषय मीं जाणूनबुजून निवडला आहे. समुद्राचें पाणी कधीं कधीं एकाएकीं तांबडें, हिरवें किंवा तपकिरी होतें. त्यांतील कांहीं पाणी निरुपद्रवी असतें, कांहीं माणसाचा जीव घेतें, आणि दोहोंमधला फरक नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाहीं. अशा पाण्यावर नजर ठेवण्याचें काम जगांत अनेक ठिकाणीं हौसेनें पुढें आलेलीं, बिनपगारी माणसें करीत आलीं आहेत. त्या पहाऱ्याचा इतिहास मुंबईपासून सांगतां येतो, आणि त्याचा एक धागा आमच्या वऱ्हाडांतही येऊन पोंचतो.

सन १८५८ मध्यें लंडनच्या एका सृष्टिशास्त्रीय नियतकालिकांत एक छोटें टिपण प्रसिद्ध झालें. मुंबई बेटाच्या किनाऱ्याभोंवतींच्या समुद्रास तांबडा रंग कशामुळें येतो, हा त्याचा विषय. लेखक हेन्री जॉन कार्टर हे कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यांतील शस्त्रवैद्य होते. इंग्लंडांत १८१३ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थानें उमेदीचीं वर्षें मुंबईंत काढलीं. अरबस्तानच्या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या ‘पालिन्युरस’ जहाजावर वैद्य म्हणून त्यांनीं प्रवास केला, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें काम पाहिलें, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या भूस्तरांवरील निबंध एकत्र करून १८५७ मध्यें ग्रंथरूपानें छापविले. समुद्राच्या रंगाकडे पाहा, असें त्यांना कोणीही सांगितलें नव्हतें. तो त्यांच्या चाकरीचा भाग नव्हता. पण पाणी तांबडें दिसतांच तें त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं घातलें. रंग मातीचा नव्हता, रक्ताचा तर नव्हताच. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य जीवांचा होता. कार्टरांनीं त्या जीवाला ‘पेरिडिनियम सँग्विनियम’ असें नांव दिलें; त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ रक्तवर्ण.

हे जीव एकाच पेशीचे असतात. चाबकाच्या दोरीसारखे दोन तंतु हालवून ते भोंवऱ्याप्रमाणें गरगर फिरत पुढें सरकतात. शेवाळाप्रमाणें सूर्यप्रकाशावर जगण्याची कला त्यांच्यापैकीं पुष्कळांना अवगत असते, म्हणून शास्त्रज्ञ त्यांची गणना सूक्ष्म शेवाळांत करतात. ऊन, संथ पाणी आणि भरपूर क्षार यांचा योग जुळून आला कीं त्यांची संख्या दुपटीनें वाढत जाते, आणि थोड्याच दिवसांत मैल मैल पाणी रंगून जातें. याला ‘बहर’ असें म्हणतात. आंब्याला येतो तो बहर आणि हा बहर यांना एकच शब्द लावतांना माझ्यासारख्याची जीभ जराशी अडखळते.

कोळीवाड्यांतील माणसांना समुद्राचे हे रंग ठाऊक असणार हें उघड आहे. जो मनुष्य पहाटे होडी लोटतो आणि ज्याचें घर जाळ्यावर चालतें, त्याच्या डोळ्यांतून पाण्याचा रंग सुटत नाहीं. परंतु त्याच्या ज्ञानाची तारीखवार लेखी नोंद ठेवण्याचा प्रघात आपल्याकडे नव्हता. कार्टरांचें टिपण अवघें कांहीं पानांचें असूनही दीड शतकानंतर त्याचा हवाला दिला जातो, तो त्यांच्या विद्वत्तेपेक्षांही या कारणानें, कीं पाहिलेलें त्यांनीं लिहून ठेवलें.

याच कार्टरांची दुसरी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मुंबईच्या तळ्यांतील पाणी तपासून नारूचें मूळ शोधण्याचा त्यांनीं पुष्कळ प्रयत्न केला. तळ्यांत सांपडणारे बारीक कृमि माणसाच्या कातडींतून शिरून नारू होत असावेत, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क चुकला. १८७० मध्यें तुर्कस्तानांत फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं नारूचे अंकुर पाण्यांतील ‘सायक्लॉप्स’ नांवाच्या पिसूएवढ्या जीवांत वाढतात आणि पिण्याच्या पाण्याबरोबर पोटांत जातात. म्हणजे वाट चुकली, पण ठिकाण बरोबर होतें: रोग पाण्यांतच होता. पुढें आपल्या देशांत नारूविरुद्ध मोहीम झाली, तेव्हां गांवोगांव विहिरी पाहणारीं, फडक्यानें पाणी गाळून प्या म्हणून सांगणारीं आणि रोगी दिसतांच कळविणारीं माणसें उभीं राहिलीं. शेवटचा रोगी १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला, आणि २००० मध्यें भारत नारूमुक्त ठरला. पाण्यावरचा पहारा यशस्वी होतो याचा इतका ढळढळीत पुरावा आपल्या घरींच आहे. समुद्राच्या बाबतींत मात्र तो पहारा आपण अजून नीट बसविलेला नाहीं.

आतां जीव घेणाऱ्या पाण्याकडे वळूं. १७९३ च्या जून महिन्यांत कप्तान व्हँकूव्हर याच्या मोहिमेंतील कांहीं खलाशी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर न्याहारीला बसले. त्यांनीं खडकांवरच्या शिंपल्या भाजून खाल्ल्या. थोड्याच वेळांत त्यांचे ओंठ, तोंड आणि हातपाय बधिर झाले. त्यांतला एक जण दुपारपर्यंत मरण पावला. त्याचें नांव जॉन कार्टर! मुंबईच्या कार्टरांशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं, पण हा नामसादृश्याचा योग विलक्षण खरा. व्हँकूव्हरनें त्या ठिकाणाला ‘विषाची खाडी’ आणि जवळच्या उपसागराला ‘कार्टर उपसागर’ अशीं नांवें दिलीं, आणि तीं आजही नकाशावर आहेत.

खलाशांना जें ठाऊक नव्हतें तें त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांना ठाऊक असावें. १९२७ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास शिंपल्या खाऊन १०२ माणसें आजारी पडलीं आणि ६ मेलीं. तेव्हां कार्ल मेयर आणि त्यांचे सहकारी यांनीं तपास केला. त्यांनीं अशी परंपरागत माहिती नोंदविली आहे कीं किनाऱ्यावरच्या जमाती उन्हाळ्यांत रात्रीं लाटा चमकूं लागल्या कीं तेथें पहारेकरी बसवीत आणि शिंपल्या खाणें बंद करीत. आंतल्या मुलखांतून आलेल्या पाहुण्यांना सावध करणें हें त्या पहारेकऱ्यांचें काम. समुद्रावर नजर ठेवणाऱ्या स्वयंसेवकांची याहून जुनी हकीकत माझ्या वाचण्यांत नाहीं. त्यांची खूण पुरी भरंवशाची नव्हती हें खरें. रात्रीं चमकणारा जीव पुष्कळदां ‘नॉक्टिल्युका’ असतो, आणि तो हें विष तयार करीत नाहीं. पण चुकून पाळलेल्या पथ्यानें एका जेवणाचेंच नुकसान होतें. खरें विषारी शेवाळ कोणतें, तें सॉमर आणि त्यांच्या सोबत्यांनीं १९३७ मध्यें निश्चित केलें. तेंही कार्टरांच्या तांबड्या जीवाच्याच गोत्यांतलें निघालें.

हें विष कसें चालतें तें थोडक्यांत सांगतों. शिंपली आपल्या पोटांतून दिवसभर पाणी गाळीत असते आणि त्यांतलें सूक्ष्म शेवाळ खात असते. पाण्यांत विषारी जात आली कीं विष शिंपलीच्या मांसांत सांचत जातें, आणि शिंपलीला स्वतःला मात्र त्याची बहुधा बाधा होत नाहीं. वास तोच, चव तीच, रंग तोच. शिजविल्यानें किंवा भाजल्यानें विष जात नाहीं. पाश्चात्य देशांत चांदीचा चमचा काळा पडतो का तें पाहण्याची समजूत होती. तिचा उपयोग शून्य. माणसाच्या पोटांत गेलेलें विष मज्जातंतूंचे दरवाजे बंद करतें. आधीं ओंठांना मुंग्या येतात, मग हातापायांतील शक्ति जाते, आणि शेवटीं श्वास घेणारे स्नायू थांबतात. त्यावर उतारा नाहीं. कृत्रिम श्वासोच्छ्वास चालूं ठेवून शरीरानें विष बाहेर टाकीपर्यंत वाट पाहणें हाच इलाज.

हा प्रकार परक्या मुलखांतलाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. १९८१ मध्यें तामिळनाडूंतील वायलूर येथें शिंपल्या खाऊन ८५ जणांना बाधा झाली आणि तिघे दगावले. १९८३ मध्यें मंगळूरजवळ एक जण मरण पावला. तेथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयांतील शास्त्रज्ञांनीं त्याचा छडा लावून दुसऱ्याच वर्षीं वृत्तांत छापला. १९९७ च्या सप्टेंबरांत केरळांतील विळिंजम येथें ७ माणसें मेलीं आणि पांचशेंच्या वर रुग्णालयांत गेलीं. मंगळूर म्हणजे आपल्या कोंकणपट्टीचीच दक्षिणेकडची वाट. मालवण, रत्नागिरी, अलिबाग येथील खाड्यांत ओहोटीच्या वेळीं तिसऱ्या आणि कालवें काढणाऱ्या बहुतेक बाया असतात. गुडघाभर चिखलांत वांकून काढलेल्या त्या मालांतला थोडा बाजारांत जातो आणि थोडा त्यांच्याच चुलीवर चढतो. विष आलेंच तर पहिला घांस त्यांच्या मुलांच्या ताटांत पडणार. म्हणून पहाऱ्याचा प्रश्न मला विद्वानांच्या करमणुकीचा वाटत नाहीं.

आपल्याकडे अभ्यास झाला नाहीं असें मुळींच नाहीं. कार्टर १८६२ च्या सुमारास विलायतेस परतले आणि पुढें समुद्रांतील स्पंजांचे जाणकार म्हणून नांवाजले. त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनीं जेम्स हॉर्नेल यांनीं १९१७ मध्यें मलबार किनाऱ्यावर माशांच्या सामुदायिक मृत्यूस कारण होणाऱ्या सूक्ष्म जीवावर लिहिलें. १९२३ मध्यें त्यांनीं व रामस्वामी नायडू यांनीं तारळीच्या जीवनक्रमाबरोबर त्या किनाऱ्यावरच्या तरंगत्या सूक्ष्म जीवांचीही नोंद केली. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्यें स्थापन झाली. २०१४ मध्यें हेल्गा गोम्स, जोकिम गोएस आणि त्यांचे सहकारी यांनीं अरबी समुद्राच्या उत्तर भागांत पसरणाऱ्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या बहराचा संबंध पाण्यांतील घटत्या प्राणवायूशीं जोडून दाखविला. कोंकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत रात्रीं निळसर चमकणाऱ्या लाटा पाहण्यास आतां शहरांतून गर्दी लोटते, ती याच नॉक्टिल्युकाची करामत. हैदराबादेची समुद्रमाहिती संस्था उपग्रहावरून पाण्याचा रंग पाहून बहराची सूचना देते. मग उणें काय आहे? उपग्रहाला ढगांखालचें दिसत नाहीं आणि अरुंद खाडीच्या कोंपऱ्यांतलें नीट दिसत नाहीं. शास्त्रज्ञाचें जहाज वर्षांतून कांहीं वेळां येतें. विषारी जात तर पाण्याला रंग येण्याइतकी वाढली नसतांही घात करूं शकते. उलट ‘ट्रायकोडेस्मियम’ नांवाचें शेवाळ उन्हाळ्याच्या तोंडीं लांकडाच्या भुशासारखें मैलोगणती तरंगतें, आणि पाहणाऱ्याच्या मनांत भय उत्पन्न करण्यापलीकडे बहुधा कांहीं करीत नाहीं. म्हणून त्याच जागीं, त्याच वेळीं, आठवड्यामागून आठवडे कोणीतरी पाणी पाहावें लागतें.

हें काम अमेरिकेंत २००१ पासून कसें चालतें तें पाहण्याजोगें आहे. तेथील समुद्रविषयक सरकारी खात्यानें दक्षिण कॅरोलायना प्रांतांत शाळांतील मुलें, शिक्षक, निवृत्त गृहस्थ आणि गृहिणी यांना हाताशीं धरून एक जाळें उभारलें, आणि तें पुढें इतर किनाऱ्यांवर पसरलें. स्वयंसेवक ठरलेल्या धक्क्यावर जातो. अतिशय बारीक विणीची, पिशवीसारखी जाळी कांहीं मिनिटें पाण्यांतून ओढतो. हवेची व पाण्याची उष्णता आणि पाण्याचा खारेपणा मोजतो. जाळींत सांचलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून ओळखीच्या जाती आहेत कीं नाहींत तें पाहतो आणि कळवितो. संशयास्पद जात विपुल दिसली तरच नमुना प्रयोगशाळेंत जातो. पाणी किती निवळ आहे हें पाहण्याचें साधन तर याहून सोपें आहे. १८६५ मध्यें सेक्की या इटालियन धर्मगुरूनें पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यांत सोडली, आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें मोजलें. तीच तबकडी आजही जगभर वापरतात. आपल्या घरांतलें जुनें पांढरें झांकण आणि हातहात अंतरावर गांठी मारलेली दोरी यांवर भागतें.

मुलांना व म्हाताऱ्यांना हें जमेल का, असें कोणी विचारील. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ मध्यें कांसवांच्या अंड्यांचें रक्षण सुरू केलें, आणि गांवकरी पहाटे उठून वाळूवरचे माग काढूं लागले. मुंबईंत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या मंडळींबरोबर ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावर फिरून लोक समुद्रजीवांचीं छायाचित्रें काढतात आणि तारीखवार नोंदतात. ज्या डोळ्यांना कांसवाचा माग दिसतो, त्यांना पाण्याचा रंगही दिसेल. उणीव आहे ती जाळीची, सूक्ष्मदर्शकाची, आणि कळविलेल्या नोंदीला दोन दिवसांत उत्तर देणाऱ्या जबाबदार माणसाची. ही तिसरी उणीव सर्वांत मोठी, असें माझें मत आहे. उत्तर न मिळालेला स्वयंसेवक तिसऱ्या महिन्यांत घरीं बसतो, आणि त्यांत त्याचा दोष नसतो.

आतां वऱ्हाडाचा धागा. अमरावती जिल्ह्याचें पाणी दोन समुद्रांस जातें. पूर्वेकडचें वर्धेंत, तेथून प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरांत; पश्चिमेकडचें पूर्णेंत, पूर्णेतून तापींत आणि सुरतेपाशीं अरबी समुद्रांत. आमच्या कपाशीला आणि मोर्शी-वरुडच्या संत्र्यांना घातलेल्या खताचा जो अंश पावसानें वाहून जातो, त्याला हेच दोन मार्ग आहेत. नत्र आणि स्फुरद हेंच शेवाळाचेंही अन्न. तें वाटेंतल्या धरणांत अडलें तर तेथलें पाणी हिरवें होतें, पुढें गेलें तर खाडीचें. आणि गोड्या पाण्यांतलें शेवाळही भोळें नसतें. १८७८ मध्यें जॉर्ज फ्रान्सिस यांनीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवराची हकीकत प्रसिद्ध केली. हिरव्या रंगासारखी साय धरलेलें तें पाणी पिऊन मेंढ्या, घोडे आणि कुत्रीं तासांच्या हिशेबानें मेलीं होतीं. आमच्याकडे बायका घागरीच्या कांठानें शेवाळ बाजूला सारून पाणी भरीत. ती रीत डोळ्यांच्या समाधानाची. पाण्यांत विरघळलेलें विष घागरीच्या कांठाला भीत नाहीं.

शिवाय वऱ्हाडांत आमचा स्वतःचा एक खारा समुद्र आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर क्षारयुक्त आहे. तेथें साबण व कांच यांना लागणारा माल मिळतो असें अकबराच्या काळीं अबुल फजलनेंही लिहून ठेवलें आहे. एरवीं सूक्ष्म शेवाळामुळें हिरवट दिसणारें हें पाणी २०२० च्या जून महिन्यांत एकाएकीं गुलाबी झालें. काठावरच्या लोकांनीं तें पाहिलें, चित्रें देशभर गेलीं, आणि प्रत्येक जण कारण सांगूं लागला. बहुतेकांचा रोख एका तांबड्या शेवाळावर होता. खरें सांगावयाचें तर मीही त्या आठवड्यांत दोघा-तिघांना मोठ्या आत्मविश्वासानें शेवाळाचेंच नांव सांगितलें होतें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें सरोवराच्या रक्षणाचें प्रकरण चालूं होतें. तेथें हा विषय निघाला आणि नमुने तपासण्यास गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून सांगितलें कीं रंग मुख्यतः खारटपणा आवडणाऱ्या, जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण त्यांहून भिन्न अशा सूक्ष्म जीवांचा आहे. पाणी आटून क्षार वाढल्यामुळें त्यांचें फावलें होतें. पुढें पाणी वाढलें, रंग गेला, आणि आम्ही तर्क करणारे गप्प बसलों.

त्यानंतर मीं एक वही घातली. अमरावतीस जाणें झालें म्हणजे वडाळीच्या तळ्याच्या कांठीं घटकाभर थांबतों. झांकणाची तबकडी दोरीनें सोडतों, किती गांठींवर दिसेनाशी झाली तें मोजतों, आणि तारीख, वेळ, ऊन कीं आभाळ, पाण्याचा रंग एवढें लिहितों. तळ्यावर फिरावयास येणारा एक लहान मुलगा आतां गांठी मोजण्यास मदत करतो; त्याची मोजणी माझ्याहून अचूक असते, कारण त्याला चष्मा नाहीं. वहींत बहुतेक तारखांपुढें ‘मागच्यासारखेंच’ एवढाच शेरा आहे.